शेंदूर लावलेलं पिस्तूल

माझ्या वडिलांना मेडशीत सगळे 'जमादार' म्हणत, आणि त्यांची पाठ वळली की 'ठंडा जमादार'. पहिलं नाव सरकारनं दिलं होतं, दुसरं गावानं. सरकारनं दिलेलं नाव कागदावर राहतं. गावानं दिलेलं पोराबाळांच्याही गळ्यात पडतं. शाळेत मी 'ठंड्याचा बबन' होतो, आणि आज म्हातारा झालो तरी माझ्या वयाची जी दोन-चार खोडं उरलीत ती मला तसंच ओळखतात. म्हणून एकदाचं सांगून टाकतो. ज्यांच्यासाठी ही गोष्ट झाकून ठेवली होती, ती माणसं आता राहिली नाहीत.

वडिलांचं नाव जानराव. दोघे भाऊ, जानराव थोरले, शालिग्रामकाका धाकटे. शेत दोघांना पुरेल एवढं होतं, पण थोरल्याच्या पायाला भिंगरी. पहिल्या मोठ्या लढाईच्या आधीच ते मराठा पलटणीत भरती झाले, लढाईत इराकातल्या बसऱ्याकडे गेले, आणि शिपायाचे जमादार होऊन परत आले. येताना दोन गोष्टी घेऊन आले. एक, डाव्या कानाचा बहिरेपणा. दुसरी, एक पिस्तूल. ते त्यांच्या गोऱ्या कप्तानाचं. विलायतेला परत जाताना, "जमादार, तू हे माझ्यापेक्षा नीट ठेवशील," असं म्हणून त्यानं ते बाबांच्या हातात दिलं. माजी जमादार म्हणून सरकारनं परवानाही दिला. कप्तानाचं ते वाक्य बाबा पाहुण्यारावळ्यांना मोठ्या ऐटीत सांगत. पुढं पुढं ते सांगेनासे झाले.

त्या पिस्तुलाबद्दल थोडं सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. बर्मिंगहॅम शहरातल्या वेब्ली कारखान्याचं ते. इंग्रजी फौजेनं या घराण्यातलं पहिलं पिस्तूल घेतलं १८८७ साली, आणि मग सुधारणा करत करत लढाई पेटल्यावर, १९१५ मध्ये, सहावा नमुना काढला. बाबांचं तेच. आधीच्या नमुन्यांची नळी आखूड आणि मूठ पोपटाच्या चोचीसारखी वळलेली. याची नळी सहा इंच लांब आणि मूठ सरळ, चौकोनी, घामेजल्या हातातून निसटू नये अशी. मुठीच्या बुडाला एक कडी, दोरी ओवून गळ्यात अडकवायला. वजन सव्वा शेराच्या आसपास. गावातल्या एकानं हातात घेऊन म्हटलं होतं, "जमादार, गोया सरल्या तं हे फेकूनबी मारता येते." बाबा म्हणाले, "मारलं हाये लोकाइनं."

खरी गंमत ते उघडण्यात होती. मुठीच्या वर डाव्या अंगाला एक खटका. अंगठ्यानं तो दाबला की नळी अडकित्त्यासारखी खाली मोडायची, आणि गोळ्यांच्या चक्रीतून एक चांदणी वर उसळून सहाही काडतुसं एकदम बाहेर टाकायची. पुन्हा सहा भरायची, नळी वर झटकायची, खट्. चाप ओढला की चक्री एक घर पुढं सरकते आणि घोडा मागं जाऊन आपटतो. चक्री आणि तिची चौकट यांच्यामध्ये जेमतेम कागद जाईल एवढी फट. ती फट मोकळी तर पिस्तूल मोकळं. बाबा दर रविवारी ओसरीवर पोतं अंथरून ते साफ करत, आणि निम्मं गाव ती चांदणी उसळताना बघायला जमत असे. त्या वेळी मेडशीत करमणूक म्हणून दुसरं होतंच काय!

आता माझी आई. गोजराबाई, किन्हीराजा गावची लेक. बाबा पलटणीत असताना तिची एक मुलगी गेली. बाबा परत आल्यावर झालेला मुलगाही बारशापर्यंत टिकला नाही. दसऱ्याला आमच्याकडे विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ, काकाचा भाला असं सगळं धुऊन पाटावर मांडतात आणि हळदकुंकू लावतात. त्या वर्षी बाबांनी हौसेनं पिस्तूलही तिथं ठेवलं. आईनं पाटापुढं पदर पसरला. तिनं पिस्तुलाला नवस केला, माझं लेकरू वाचव, मी तुला दर दसऱ्याला शेंदूर लावीन. पुढच्या दसऱ्याच्या आत मी झालो. आणि वाचलो.

मी वाचलो आणि पिस्तुलाचा देव झाला. हसण्यासारखी गोष्ट आहे खरी. पण जिनं दोन लेकरं मातीत ठेवली त्या बाईसमोर कुणी हसून दाखवावं. आईनं बोटानं नळीवर, चक्रीवर, घोड्यावर शेंदूर चोपडला तेव्हा बाबा म्हणाले, "अवं, ते लोखंड होय."

"आन मारोती कायचा असते? गोट्याचाच ना?"

"मारोतीले चक्री नसते, गोजरा. त्याले फिरा लागत नाही."

"तुमाले लेक पाह्यजे का चक्री?"



मग पिस्तूल तांबड्या फडक्यात गुंडाळून देवाच्या कोनाड्यात गेलं. देव उपाशी ठेवू नये म्हणून आईनं त्यात सहा काडतुसंही भरायला लावली होती. ती तशीच आत राहिली. शेंदूर आमच्याकडे घरच्या जवसाच्या तेलात कालवत. ज्यानं कधी देवाला शेंदूर लावलाय त्याला ठाऊक असेल, जवसाच्या तेलातला शेंदूर ओला आहे तोवर लोण्यासारखा मऊ. एकदा वाळला की छिन्नीनंही निघत नाही. आणि आई कंजूष नव्हती, हात सढळ होता तिचा.

बाबांना हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पहिल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी ते फडकं घेऊन बसले होते. आई दारात आली, मी तिच्या कडेवर. "देवाचं आंग खरवडता? माह्या लेकरावर कायले उठता?" बाबांनी फडकं खाली ठेवलं ते ठेवलंच. पोरगा थोडा मोठा होऊ दे, मग समजूत घालू, असं ते दर वर्षी म्हणत, आणि दर वर्षी एक थर वाढत होता. ओसरीवरचं रविवारचं पोतं गेलं. पिस्तूल साफ करणं बंद का, असं कुणी विचारलं की बाबा एकच सांगत, "बसऱ्याच्या चिखलात पडलं होतं, पुसलं आन चाललं. हे थांबत नसते." इतक्या वेळा सांगितलं की त्यांचं त्यांनाच पटलं. त्या बढाईत 'पुसलं' हा शब्द होता, तेवढा मात्र ते विसरले.

मी वाशिमला शिकायला होतो त्या वर्षीची गोष्ट. जे सांगतो ते पुढं बाबांनीच मला सांगितलं. दिवाळी होऊन गेली होती आणि ज्वारीची सोंगणी चालू होती. चारी बाजूंनी सोंगत आत गेलं की शेवटी मधोमध उभ्या ज्वारीचा एक तुकडा उरतो, आणि शेतातलं जनावर त्यात दडून बसतं. त्या वर्षी एक मोठं सुळेवालं रानडुक्कर होतं. त्यानं पीक तर तुडवलं होतंच, पण काकाच्या लाडक्या बैलाचा पायही फाडला होता. अशा वेळी आमच्याकडची रीत ठरलेली: तीन बाजूंनी डफडं वाजवायचं, कुत्री सोडायची, भाले घेऊन उभं राहायचं, आणि नाल्याकडची चौथी बाजू मोकळी ठेवायची. जनावराला वाट दिली की ते निघून जातं. बापजाद्यांना अक्कल होती.

काका म्हणाले, "यंदा वाट द्याची नाही. दादाचं पिस्तूल हाये ना!"

बाबा घरी आले. आईनं कोनाड्यापुढं दिवा लावला, फडक्यासकट पिस्तूल त्यांच्या ओंजळीत दिलं आणि डोक्यावरचा पदर सावरून पाया पडली. बाबांनी वाटेत फडकं सोडलं. पिस्तूल नळीपासून घोड्यापर्यंत लालभडक. एकदा खटका दाबून बघावं असं त्यांच्या मनात आलं. शेताकडून डफड्याचा आवाज येत होता, लोक खोळंबले होते. हे थांबत नसतं, असं म्हणून ते तसेच चालू लागले.

नाल्याकडच्या बाजूला काका उभे राहिले आणि त्यांच्या मागं, थोडे बाजूला, बाबा. काकांनी आपला भाला बांधाला टेकवून ठेवला होता. दादा मागं असताना भाला कशाला, असं त्या माणसाला वाटलं असणार.

डुक्कर सरळ काकांवर आलं. बाबांनी हात उचलला, नेम धरला, चाप ओढला. चाप हलला नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ओढला. चक्री तसूभर फिरेना, घोडा उठेना. नळी मोडून बघायला खटका दाबला तर तोही अंगठ्याखाली दगडासारखा. "दादा!" एवढंच काका ओरडले. मग बाबांनी ते पिस्तूलच फेकून मारलं, ते डुकराच्या पाठीवर आपटलं, आणि डुक्कर नाल्यात उतरून गेलं. काकांची मांडी वरपर्यंत फाटली होती. खाटेवर घालून वाशिमच्या दवाखान्याकडं निघाले, पण वाटेतलं मालेगाव यायच्या आतच काका गेले.

ज्वारीच्या पलीकडे उभ्या असलेल्या लोकांनी काही पाहिलं नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की बार ऐकू आला नाही. अंगणात गाव गोळा झालं. आईनं सगळ्यांसमोर विचारलं, "चाललं कसं नाही हो? काय झालं?"

बाबांनी तिच्याकडं पाहिलं. खरं सांगितलं असतं तर एका वाक्यात झालं असतं. पण तिनं दोन लेकरांनंतर एका देवाला धरलं होतं, आणि त्याच देवानं तिच्याच हातच्या शेंदरानं घरचा माणूस नेला, हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? बाबा म्हणाले, "माहा हात लटलट कापला. उठलाच नाही."

काकांची बायको मनकर्णाकाकू. भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायची आमच्यात रीत नाही, म्हणून ती आईकडं तोंड करून बोलली, पण ऐकवलं त्यांनाच. "पलटणीत काय भांडे घासत होते का, बाई?"

झालं. 'ठंडा जमादार' हे नाव त्या दिवशी जन्माला आलं. काकू त्याच घरात राहिली, तिचं शेतही बाबांनीच वाहिलं, तिला कशाची उणीव पडू दिली नाही. पण शेतात सगळ्यांना पाणी द्यायची ती बाबांच्या पुढून तांब्या घेऊन निघून जायची. बाबा उन्हात तोंड पुसत उभे राहायचे आणि मग स्वतःच नाल्यावर जायचे. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्या वेळी मलाही त्यांचीच लाज वाटायची.

काकाचा दहावा झाल्यावर बाबांनी पिस्तूल गोठ्यात नेऊन घासलेटात भिजत घातलं आणि दाभणानं एकेक फट कोरली आणि सहाही काडतुसं बाहेर काढली. बैल गेला नि झोपा केला. पण पुढच्या दसऱ्याला आई शेंदराची वाटी घेऊन बसली तेव्हा त्यांनी तिला अडवलं नाही. अडवलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. तिनं लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी शेंदूर ओला आहे तोवर त्यांनी गोठ्यात जाऊन तो धुवायचा, वरून दिसेल तेवढा एक हात पुन्हा लावून ठेवायचा. असं वर्षानुवर्षं चाललं.

विशीत असताना एकदा मी मेडशीच्या बाजारात एकाचा दात पाडून घरी आलो. तो मला 'ठंड्याचा' म्हणाला होता. बाबा गोठ्यात पिस्तूल धूत बसले होते. माझ्या हातावरचं रक्त पाहून म्हणाले, "बस." आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "तुह्या मायले कळू देऊ नको. दोन लेकरं गेले ते तिनं सोसलं. हे नाही सोसणार."

मला फार राग आला. आजही येतो. म्हटलं, "तुमी काहून ऐकता मंग साऱ्या गावाचं?"

"माहा डावा कान तसाबी बहिराच हाये," बाबा म्हणाले, आणि नळीत चिंधी सारू लागले.

दुसरी लढाई संपली त्या वर्षी, पोळ्यानंतर, बाबा तापानं गेले. महिन्याभरानं दसरा आला. आईनं विळे-कुऱ्हाडी मांडायला लावल्या, पण पिस्तुलाला शेंदूर लावला नाही. मी समजलो, विधवेनं पूजा करू नये म्हणून. मालक गेला की परवाना संपतो, तेव्हा पिस्तूल मालेगावच्या ठाण्यात जमा करायचं होतं. आदल्या रात्री मी गोठ्यात जाऊन वरचा शेंदूर घासलेटानं पुसून काढला. "मी येतो," आई म्हणाली. आमच्याकडं बायाही असंच बोलतात. मी नको नको म्हणत असताना ती छकड्यात चढून बसली.

ठाण्यातला हवालदारही जुना फौजी निघाला. त्यानं अंगठ्यानं खटका दाबला. नळी अलगद खाली आली, चांदणी उसळली. तो खूश झाला. "वा! इतकी साफ वेब्ली मी फौजेतही पाहिली नाही. कुणी ठेवली होती?" मी बाबांचं नाव सांगितलं. छाती भरून आली, तेवढ्यात त्यानं चौकटीच्या कोपऱ्यात नख घातलं. नखाला लाल लागलं. "हे काय? शेंदूर? अरे, हा आत गेला आणि वाळला तर चक्री जाम होऊन बसेल. कुणाचा जीव जाईल एखाद्या दिवशी."

बाबांनी जे जन्मभर झाकलं ते या शहाण्यानं एका नखानं उघडं केलं होतं. आईकडं बघायची माझी हिंमत होईना.

आई शांतपणे म्हणाली, "गेला ना एकाचा."

परतीच्या वाटेवर मी बैल थांबवले. "माय, तुले कधीपासून माहीत हाये?"

"दहाव्यापासून," ती म्हणाली. "शेण टाकाले गोठ्याच्या मांगं गेली, तं तिथं लाल घासलेट वाहून राह्यलं होतं. मी तिथंच बसली. मले सारं समजलं."

"मंग दर दसऱ्याले शेंदूर काहून लावत होतीस?"

"नाही लावला असता तं त्याइले समजलं असतं, का हिले समजलं म्हनून. माह्यासाठी अख्ख्या गावाचं ऐकून राह्यले होते ते. तेवढंबी त्याइचं कायले मोडू?" मग म्हणाली, "ते धूत होते ना दुसऱ्या दिवशी. मले माहीत होतं. मी कमी तेलात कालवत होती, पक्का धरू नये, लवकर निघावा म्हनून."

एका घरात, एका चुलीशी, दोन माणसं इतकी वर्षं एकमेकांपासून तीच एक गोष्ट लपवत होती. एकदा बोलली असती तर निदान बरोबर बसून रडली तरी असती. मला दोघांची कीव आली आणि दोघांचा संतापही आला.

घरी पोचल्यावर आई पायही न धुता मनकर्णाकाकूपुढं जाऊन उभी राहिली. काकू सुपात तूर पाखडत होती. आईनं सगळं सांगितलं. "तुह्या मालकाले माह्या शेंदरानं मारलं, मनकर्णा. त्याइचा हात नव्हता कापला. मले वाचवाले ते खोटं बोलले, आन मी बोलू देल्लं."

काकूच्या हातातलं सूप थांबलं. ती रडेल, आईच्या अंगावर धावून जाईल, असं मला वाटलं. तिनं बाबांच्या ओसरीवरच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं.

"आता कायले सांगता, बाई?" ती म्हणाली. "जित्तेपनी सांगतलं असतं, तं मी त्याइले पानी तं देल्लं असतं."